उदबत्ती विझायच्या आधी

शारजात अल नहदाच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहायचो. दर शुक्रवारी बाहेर जेवायचं आणि दर वेळी नवा देश खायचा, हा नियम माझा. तसे खात खात आम्ही व्हिएतनामपर्यंत पोचलो. दुबईत टायरच्या दुकानाशेजारी सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ऑर्डर घेऊन स्वतःच आत रांधायला जाणारी पन्नाशीची बाई.

कोपऱ्यातल्या फळीवर एका तरुणाचा फोटो होता. पुढे उदबत्ती, भाताची वाटी आणि बशीत तीळ लावून तळलेले तीन गोळे.

"प्रसाद," मी जाहीर केलं.

"कुणाचा फोटो असेल?" कोकणातला मित्र म्हणाला. "गेलेला माणूस नसेल ना?"

"हार कुठे आहे? हार नाही म्हणजे जिवंत. कुणीतरी बुवा असणार."

"एवढा तरुण?"

"आजकाल लवकर लागतात नोकरीला."

"आधी बाईंना विचार तरी."

पण मी रंगात आलो होतो. डोक्यावर रुमाल टाकला, फोटोला वाकून नमस्कार केला आणि फळीवरची बशी उचलून दोघांपुढे फिरवली. पलीकडच्या टेबलावरचे लोक बघत होते, त्यामुळे मला आणखी चेव चढला. मी एक गोळा खाल्ला, दुसऱ्या मित्राने एक खाल्ला. कोकणातल्याने मात्र हातात धरून ठेवला.

बाई सूपचे वाडगे घेऊन आली. तिने बशीकडे पाहिलं, मग उदबत्तीकडे. ती अर्धीच जळली होती.

"वो मेरा बेटा का खाना," ती हळूच म्हणाली. "आज उसका दिन. अगरबत्ती खतम, तब हम लोग खाता. पहले वो."

वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेना तेव्हा मी दोन तास उन्हात उभा होतो. घरात कुणी घोटभर चहा घेतला नव्हता. गेलेल्याच्या आधी जेवत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी एका नसलेल्या हाराच्या भरवशावर मी तिच्या मुलाच्या पानातलं उचलून खाल्लं होतं, तेही नकला करत.

मी सॉरी म्हणालो. नंतर हिंदीत म्हणालो. रुमाल अजून डोक्यावरच होता.

कोकणातला उठला आणि हातातला गोळा त्याने बशीत परत ठेवला. बाईने तो मधोमध सरकवला. मग माझ्याकडे बघून किंचित हसली.

"वो भी ऐसा था. मैं बोलती रुको, वो पहले खा जाता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही वाडग्यांना हात न लावता बसून राहिलो. माझी खुर्ची नेमकी फोटोसमोर होती. उदबत्ती इंचाइंचाने खाली येत होती.

"जागा बदलतोस का?" मी कोकणातल्याला हळूच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "तूच बस तिथे."