शेवटचं बटण

आरमोरीच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. फोनवर कसलीही सूचना आली की तो ती मोठ्यानं, अक्षराखाली बोट फिरवत, पूर्णविरामापर्यंत वाचतो आणि मग फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो. शेवटचं बटण तो स्वतः कधीच दाबत नाही. इतकी वर्षं मी त्याला घाई करत आलो, "दाबा हो, वाचत काय बसता!"

परवा मात्र मी तावातावानं गेलो. पोंभुर्ण्याच्या माझ्या भाचीनं वाघ दिसला की अख्ख्या गावाला खबर देणारं अ‍ॅप बनवलं, आणि माझा फोन ते घेईना. बनवणाऱ्यानं सरकारी ओळखपत्र देऊन कंपनीकडे नोंदणी केलेली नाही म्हणे. "फोन माझा, आणि त्यात काय ठेवायचं ते सरकार आणि कंपनी ठरवणार?" मी रिटायर्ड मास्तर, त्यामुळे स्वातंत्र्यावरचं व्याख्यान लांबलं. दोन गिऱ्हाइकं उठून गेली.

तो शांतपणे माझा फोन चाळत होता. "गुरुजी, या टॉर्चच्या अ‍ॅपले तुमचं बोलनं आयकाची परवानगी कोनं देल्ली?"

"मीच दिली असेल."

"वाचून देल्ली काय?"

"ते राहू द्या, भाचीच्या अ‍ॅपचं बघा."

मग त्यानं कुठल्याशा कोपऱ्यातली एक सेटिंग शोधली, तिथला इशारा पूर्ण वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. "आता होते. पन जोखीम तुमची, असं लिवून हाये. दाबा."

माझा अंगठा काचेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "तुम्हीच दाबा ना."