चोवीस की अठरा?

दोनच बायका एका खोलीत दहा वर्षं पंचिंग करत बसल्या तर किती किस्से जमतील, सांगा बरं? आमचे पोतंभर जमले. मी आणि कुसुम, दोघी मॅट्रिक. रामदासपेठेतल्या कॉम्प्युटर सेंटरात सर कागदावर प्रोग्राम लिहायचे. आम्ही त्याची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची. मी कायम होते. कुसुम अजून टेम्पररी, तिची फाइल सरांच्या सहीसाठी थांबलेली.

मे महिन्यात कॉम्प्युटरच्या खोलीला एसी, आमच्या खोलीला एक पंखा. मी विचारलं तर सर म्हणाले, "मशीन तापलं की बंद पडतं."

कुसुम हळूच म्हणाली, "आपण नाही पडत ना वं ताई, म्हणून!"

*

एकदा माझ्या हातून तीनशे कार्डं सांडली. क्रम गेला म्हणजे प्रोग्राम गेला! पण गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीची तिरपी रेघ ओढून ठेवायची कुसुमची सवय. रेघ जुळवत चहापर्यंत गठ्ठा लागला. संध्याकाळी सर पाहुण्यांना ती रेघ दाखवत होते, "ही आमची पद्धत."

*

मग सरांचं रंगांचं गणित आलं. चौकोनांची जाळी, तीन रंग, कडेला कड लागलेल्या दोन चौकोनांना एकच रंग नको. किती तऱ्हा? दोन बाय दोनच्या जाळीला मशीननं छापलं, चोवीस.

कुसुम उमरेडच्या विणकरांची. वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर रंगीत खडूंनी तिनं सगळ्या तऱ्हा काढल्या. मीही सोबत मोजल्या. अठरा!

कुसुम सरांना म्हणाली, "सर, चोवीस नाही होत. अठराच होते."

"म्हणजे मशीन चुकलं?"

"मशीन नाही चुकत, सर."

ऑफिसभर हसू फुटलं. सर हसले नाहीत.

चूक साधी होती. शेवटच्या चौकोनाला डावीकडे एक शेजारी, वर एक. प्रोग्राम एकालाच विचारून पुढं जात होता.

*

दुपारी सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. कुसुमची फाइल टेबलावर उघडी होती.

"ताई, तुम्ही जुन्या आहात. तुम्ही सांगा, चोवीस की अठरा?"

कुसुम माझ्याकडे बघून राहिली होती.

मी म्हटलं, "सर, मी तर नुसती पंच करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. सरांनी दुरुस्त केलेला प्रोग्राम माझ्या टेबलावर ठेवला, आणि मी तो पंच केला.