सेव्हिलचा मेळा आणि माझा ‘मेंबर्स ओन्ली’ ठराव

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या मराठी मंडळाचा मी सेक्रेटरी. म्हणजे हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते आणि शिव्याही ज्यालाच पडतात, तो. मागच्या गणपतीत हॉलला झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं आली, मसालेभात संपला आणि वर्गणी भरणारे जुने सभासद कोशिंबीर खाऊन घरी गेले. म्हणून मी एक कडक ठराव लिहिला: यंदा आरती आणि महाप्रसाद फक्त सभासदांना. मे महिन्याच्या सभेत त्यावर मतदान होतं.

मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, तो ठराव मुळीच पटला नव्हता. ती हॉस्पिटलमध्ये भूल देते, घरी मात्र कुणाला झोपू देत नाही. “चार दिवस स्पेनला, सेव्हिलला चल,” ती म्हणाली. “स्प्रिंगमध्ये मोठा मेळा असतो. तुझा ठरावही जरा उन्हात वाळेल.”

गॅटविकहून विमान तीन तासांच्या आत पोचतं. मेळ्याच्या आठवड्यात हॉटेलं दुप्पट-तिप्पट महाग होतात, तेव्हा बुकिंग थंडीतच करा. आम्ही नदीपलीकडच्या त्रियाना भागात राहिलो. तिथून मेळा चालत गाठता येतो. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पालक-छोल्यांची भाजी सगळीकडे मिळते. टोमॅटोचं थंडगार सूप मागवताना मात्र हॅम नको हे स्पष्ट सांगा. मी नुसतं “नो मीट” म्हटलं, तर वर हॅमचे तुकडे पेरूनच आलं. आणि साडेसहाला जेवायची इंग्लंडची सवय घरी ठेवून जा. इथे नऊच्या आधी कुणी ताटाकडे बघतही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेळ्यात गेलो. पिवळ्या मातीचे रस्ते, वर कागदी कंदील, घोडागाड्या, आणि झालरीच्या ठिपकेदार झग्यांत आज्यांपासून नातींपर्यंत सगळ्या. मंजिरीने पैठणी नेसली होती. एका घोडागाडीतल्या बायकांनी गाडी थांबवून तिच्याबरोबर फोटो काढले. मी पर्स सांभाळत मागे उभा होतो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यापट्ट्यांचे मांडव, आत गाणी, टाळ्या, जेवणाचा वास. मांडव दिसला की आत जायचं, एवढंच मला ठाऊक. पायरीपाशी मी सवयीने बूट काढले आणि हातात घेऊन आत शिरू लागलो. दारावरच्या माणसाने आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मेंबर आहात?” त्याने इंग्रजीत विचारलं. “सॉरी सेन्योर, प्रायव्हेट.”

इथले बहुतेक मांडव खासगी असतात, हे गाइडबुकात होतं. ते पान मी वाचलं नव्हतं.

“अरे वा!” मंजिरी म्हणाली. “तुझा ठराव इथे आधीच पास झालाय की!”

मी हसलो, पण खरं सांगतो, फार अपमान वाटला. आणि मला तन्वी आठवली. मागच्या गणपतीत इंग्लंडात नवी आलेली ही नर्स क्रॉयडनहून गाड्या बदलत डबा घेऊन आली होती. “सॉरी, हॉल फुल आहे, आता फक्त मेंबर्स,” असं मीच दारात तिला सांगितलं. “मग हे तेवढं नैवेद्याला ठेवा, काका,” म्हणून ती परत गेली. तिचे मोदक मात्र आम्ही आत घेतले. चांगले झाले होते.

तेवढ्यात आतून एक आजी आल्या, डोलोरेस. त्यांनी पैठणीचा पदर हातात घेऊन पाहिला, दारावरच्या माणसाला काहीतरी फटकारलं आणि मंजिरीला दंडाला धरून आत नेलं. त्यांच्या मागून मी, एक बूट घालत. त्यांच्या नातीला इंग्रजी येत होतं. सभासदाला पाहुणे आणता येतात, असं तिने सांगितलं.

“पण तुमची जागा एवढीशी,” मी म्हटलं. “तुमचेच लोक उभे आहेत.”

तिने आजींना विचारलं. आजींना माझा प्रश्नच विचित्र वाटला. “आजी म्हणते, वर्षभर वर्गणी भरायची ती काय एकटं बसून खायला?”

मग आजींनी मंजिरीला सेव्हियानास या तिथल्या नाचाचं पहिलं कडवं शिकवलं. बदल्यात मंजिरीने त्यांना फुगडी शिकवली. सत्तरी ओलांडलेल्या आजी दमल्या नाहीत, भूलतज्ज्ञ दमल्या.

घरी आल्यावर सभेत मी माझा ठराव मागे घेतला. “आणि मसालेभात?” खजिनदारांनी विचारलं. एक पातेलं जास्त लावू, मोठा हॉल मी शोधतो, असं म्हणालो. तो अजून मिळालेला नाही. मेडनहेडमध्ये कुणाच्या माहितीत असेल तर खाली कमेंटमध्ये जरूर सांगा.

त्याच संध्याकाळी तन्वीला मेसेज केला: मागच्या वर्षी चुकलो, यंदा नक्की ये. तिचं उत्तर लगेच आलं.

“थँक यू काका! पण मी आता हॅरोच्या मंडळात जाते. यंदा आरतीला माझी ड्यूटी दारावर आहे, येतील त्यांना आत घ्यायची. तुम्ही आणि काकू या ना. मेंबर नसलात तरी चालतं.”