पेजेच्या वेळची गोळी

लावणीच्या दिवसांत दहा-साडेदहाला शेताच्या मेरेवर पेजेचं पातेलं यायचं. त्याच सुमाराला आमच्या आरोंद्याची नर्सबाय छत्री सांभाळत हजर. चिखलपाण्यातून लेप्टोचा ताप येतो, तो टाळायची गोळी आठवड्याला एक. पेज पिऊन झाली की ती प्रत्येकाच्या हातावर गोळी ठेवी आणि गिळेपर्यंत हलत नसे.

"तुका घरात काम नाय काय गो?" आई तिला डिवचायची.

"तू गिळ, मगे जातंय."

मी तेव्हा जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात होते. आहे त्याच पैशांत जास्तीत जास्त माणसं तापापासून कशी वाचतील, याचा तक्ता संगणकावर मांडायचं काम माझ्याकडे. त्यात नर्सबायची पायपीट महाग दिसली. सगळ्या गोळ्या लावणीआधी एकदमच घरपोच दिल्या, तर खर्च कितीतरी कमी! साहेब खूश, आणि मी तर काय, दीडशहाणीच. पुढच्या लावणीला तिच्या फेऱ्या बंद झाल्या.

त्याच जुलैत आई तापाने फणफणली. डोळे पिवळे झाले. तिला कुडाळला दवाखान्यात ठेवलं आणि तिची लुगडी न्यायला मी घरी आले. फडताळात, लुगड्यांच्या घडीखाली, गोळ्यांचं पाकीट. एकसुद्धा कमी नाही.

"आये, खाल्लंस कित्याक नाय गो?" खाटेशी बसून मी रडतच विचारलं.

"तुझ्या पोरांक ताप इलो तर लागतल्यो, म्हणान ठेवलंय."

मला माझाच असा संताप आला! दिली म्हणजे गिळली, असं मी खुशाल धरून चालले होते. तिच्या पोटची मी, तिची साठवून ठेवायची सवय मला ठाऊक नव्हती?

आई वाचली. मी साहेबांना चूक माझी म्हणून सांगितलं आणि रकाना बदलला: वाटलेल्या नव्हे, गिळलेल्या गोळ्या. पायपिटीसकट हिशेब केला तरी मेरेवरची नर्सबायच स्वस्त पडली. फेऱ्या परत सुरू झाल्या.

पुढच्या लावणीला मी मुद्दाम रजा काढून गेले. आईने पेज संपवली, गोळी गिळली आणि नर्सबायला सोडून मलाच आ करून दाखवलं.

"बघ, गिळलंय. घाल तुझ्या तक्त्यात."

सगळी माणसं खो खो हसली. ते हसणं आठवलं की अजून बरं वाटतं.

आता आई नाही. ती गेली त्या वर्षी आरोंद्याच्या ओळीतला माणसांचा आकडा एकाने कमी करायला मला सबंध दुपार लागली.