शिट्टीबाईंचा भोंगा

बाईंचं एकच म्हणणं: वस्तू ठेवायची ती तयार ठेवायची. छत्री वाळवून, सुरीला धार लावून आणि पी.टी.चा हातातला भोंगा सहा सेल घालून. निवृत्त झाल्या तेव्हाही त्यांनी तो असाच, सेलसकट, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवला. ऐनवेळी धावाधाव नको! त्याला आता सहा वर्षं झाली.

शाळेत त्यांना मागून 'शिट्टीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पण गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज पार बसला. हल्ली दुकानदारही दोनदोनदा "काय म्हणालात?" विचारायचा आणि बाईंचा जीव जळायचा. अशात शाळेचं बोलावणं आलं, की यंदाच्या शर्यती तुम्हीच सुरू करून द्या. बाई हरखल्या. भोंगा होता ना!

झाकण उघडलं, तर काय! सेल पाझरले होते. आत पांढरा-हिरवा थर, स्प्रिंगा गंजलेल्या.

"अहो, हे बघा काय झालंय!"

अहो म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर. त्यांनी हातमोजे चढवले, चष्मा पुसला आणि भोंग्याला म्हणाले, "हं, आ करा."

"चेष्टा पुरे. वाचेल का?"

"कीड वरवरची आहे. एक दाढ मात्र गेली. अगं, वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत. तुझ्या तयारीनेच घात केला."

बाई एरवी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. आज उठून व्हिनेगरची बाटली घेऊन आल्या.

डॉक्टरांनी जुन्या टूथब्रशने, व्हिनेगर लावून लावून, सगळं घासलं, कोरडं केलं आणि टॉर्चचा बळी देऊन नवी स्प्रिंग बसवली. नवे सेल घातले. बटण दाबलं तर नुसती खरखर.

"भूल उतरायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी शर्यतीला निघेपर्यंत कोरणी घेऊन खरवडतच होते.

मैदानावर बाईंनी बटण दाबलं.

"सावधान!"

खणखणीत! रेषेवरची मुलं जागच्या जागी ताठ झाली. आणि कुंपणापाशी उभे असलेले पोट सुटलेले बाप, पिशव्या सावरणाऱ्या आया, सगळे बाईंचेच जुने विद्यार्थी, टाचा जुळवून, हात सरळ सोडून उभे राहिले. एकाचा चहा सांडला तरी तो हलला नाही.

बाईंचे डोळे भरून आले. 'विश्राम' म्हणायचं त्या साफ विसरल्या.