खोडी सांगणारे भोर अण्णा

भोर अण्णांच्या गाडीचं कुणी कौतुक केलं, की अण्णा लगेच तिच्या खोडी सांगायला लागत. आम्ही इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये राहायला आलो, त्या दिवशी आमच्या सामानाचा टेम्पो नेमका त्यांच्या फाटकासमोर आडवा लागला होता. शेजाऱ्यांची पहिल्याच दिवशी नाराजी नको, म्हणून माझे यजमान गोड बोलायला गेले, "गाडी छान ठेवलीय हो तुम्ही!" पांढऱ्या पायजम्यातला तो साठीचा गृहस्थ हातातलं फडकं झटकत म्हणाला, "ठेवलीय. पण थंडीत दुसरा गिअर घेताना कुरकुर करती. वळणावर अंग टाकती. हँडब्रेक निम्माच लागतो, चढावर चाकाला दगड लावावा लागतो. अन् मागचं दार दणकून लावलं नाय, तं रस्त्यात उघडतं." एवढं सगळं झाल्यावर मग त्यांनी नाव सांगितलं, "मी भोर."

यजमान आत येऊन म्हणाले, "शेजारी गाडीला वैतागलेला दिसतो. घ्यायची का आपण?" मलाही तसंच वाटलं. माणसं ओळखण्यात आम्ही नवरा-बायको दोघंही सारखेच कच्चे, हे तेव्हा पुन्हा एकदा सिद्ध झालं.

ती गाडी म्हणजे धड मोटार नाही आणि धड जीपही नाही, अशी होती. लांबीला आखूड, उंचीला थोराड. आता अशा गाड्यांना एसयूव्ही म्हणतात, तेव्हा आमच्या कॉलनीत सरसकट 'अण्णांची जीप' म्हणत. कंपनीचं नाव मी सांगत नाही. एवढ्या खोडी सांगितल्यावर ते बरं दिसणार नाही. अण्णांनी तीस वर्षं सरकारी जीप चालवली होती, धरणांच्या कामांवर साहेबांना घेऊन डोंगर पालथे घातले होते. स्वतःच्या नावावरची ही पहिली गाडी, तीही दुसऱ्याने वापरलेली, निवृत्त झाल्यावर घेतलेली. घोटीकडचं भाताचं घराणं. वडील शेतीबरोबर बैलांचा व्यवहार करायचे, आणि अण्णा लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जायचे. खोडी सांगायची सवय तिथली.

"बैल इकताना खोड सांगायची," अण्णा म्हणत. "मारका असंल तं मारका म्हणायचं. कामात बसत असंल तं बसतो म्हणायचं. न सांगता इकला अन् त्यानं कुणाला शिंग लावलं, तं ते शिंग त्याचं नाय, आपलं."

गाडी निवडली मात्र माईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने. माईंचे गुडघे कामातून गेले होते. साध्या मोटारीत बसायचं तर खाली वाकावं लागे, रिक्षात चढता येत नसे, एसटीच्या पायऱ्या तर लांबच राहिल्या. गाडी बघायला गेल्यावर अण्णा बॉनेट उघडून इंजिनाला कान लावून उभे होते, तेव्हा माई दार उघडून सीटवर बसल्या, उतरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उतरल्या. असं तीनदा केल्यावर म्हणाल्या, "हीच घ्या. वट्ट्यावर बसल्यासारखं वाटतंय." अण्णांनी बॉनेट खाली टाकलं आणि व्यवहार झाला.

एकदा एका शोरूमचा पोरगेला विक्रेता एका जोडप्याला घेऊन अण्णांकडे आला. त्याच गाडीचं नवं मॉडेल त्याला खपवायचं होतं आणि जुन्या मालकाकडून दोन चांगले शब्द हवे होते. अण्णांनी चहा पाजला आणि खोडी सुरू केल्या. एसी लावून चढ घेतला की दम लागतो. डोकं उंच, त्यामुळे वारं सुटलं की हायवेवर डुलते. वायपर नेमका चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची पट्टी पुसत नाही. विक्रेत्याचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी त्या बाईंनीच विचारलं, "मग काका, घेऊ की नको?"

"घ्या की!" अण्णा चकित होऊन म्हणाले. "लय गुणाची हाय. इतक्या वर्सांत एकदाबी रस्त्यात सोडलं नाय मला. मालेगावच्या उन्हात तापली, पण सावलीला थांबून पाणी पाजलं, की निघाली. खोड येगळी अन् दगा येगळा, ताई." त्या जोडप्याने गाडी घेतली. विक्रेता मात्र पुन्हा फिरकला नाही.

मला गाडी शिकवली तीही अण्णांनीच. आधी यजमानांनी शिकवायचा प्रयत्न केला होता. तीन दिवसांत फाटकाचा खांब आणि आमचा संसार दोन्ही हलल्यावर मी नाद सोडला. मी शाळेत शिकवते. चूक काढायची सवय मला आहे, काढून घ्यायची नाही. अण्णा मला मखमलाबादच्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर नेत आणि शेजारी मुकाट बसत. मी गिअरशी झटापट केली तरी हूं की चूं नाही. एकच गोष्ट ते पुनःपुन्हा सांगत, "बाई, ही उंच हाय. हिला वळणाच्या आधी हळू करायची, वळणात नाय. वळणात घाबरून ब्रेक दाबला, तं ती बी घाबरती."

दर रविवारी सकाळी आठला अण्णा आणि माई घोटीला जात. माईंची धाकटी बहीण तारा तिथे लेकाकडे होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणंही तुटक. माई तिचे केस विंचरत, तिला न्हाऊ घालत, घरून नेलेलं पिठलं भाकरीत कुस्करून भरवत. आईविना वाढलेल्या त्या दोघी बहिणी. ताराला वाढवलं होतं माईंनीच. आणि अण्णा दारातूनच ओरडत, "तारे, अजून निजलीच हायेस का? दाजी आले की उठून पाणी द्यायचं असतं!" तेवढ्याने तारा अर्ध्या तोंडाने हसायची. माई म्हणायच्या, आठवडाभरात ती तेवढीच हसते. त्या रविवारांवर दोघी बहिणी जगत होत्या, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

एका चैत्रात अण्णा-माईंबरोबर मी वणीच्या गडावर गेले. दर्शन घेऊन दुपारी घाट उतरत होतो. ऊन स्वच्छ होतं. वळणावर डाव्या कडेने एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन चालली होती. मला ती केव्हाची दिसत होती, म्हणून अण्णांनाही दिसतेय असं मी धरून चालले. गाडी तिच्या अंगावर जायला लागली तशा माई किंचाळल्या. अण्णांनी गाडी उजवीकडे ओढली. बोचकं खाली पडलं, बाई वाचली.

अण्णांनी पुढे जागा बघून गाडी उभी केली, उतरून त्या बाईच्या पाया पडले, तिचं बोचकं उचलून दिलं. परत आले तेव्हा गाडीत न बसता बाहेरच उभे राहिले. माईंना मळमळायला लागलं होतं. त्यांनी आवळासुपारीसाठी पुढचा कप्पा उघडला, तर फडक्यांच्या खाली डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणि घडी घातलेला एक कागद निघाला. माईंना वाचता येत नव्हतं. कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

"बाई, काय लिवलंय?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते दरीकडे बघत होते. मला खोटं सुचलं नाही. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांचा. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं, आणि गाडी चालवू नये असं डॉक्टरांनी खाली स्पष्ट लिहिलं होतं. कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. तेही मी वाचलं.

"साऱ्या नाशकाला गाडीच्या खोडी सांगत फिरता," माई हळू आवाजात म्हणाल्या, "अन् ही मला नाय सांगितली? ती बाई मेली असती म्हंजी?"

अण्णा म्हणाले, "सांगितली असती तं तू रविवारची घरी बसली असतीस. तारीनं दाराकडं बघत ऱ्हायचं, अन् तू हितं भिंतीकडं. मला ते बघवलं नसतं." आणि किल्ली माझ्या हातात दिली. "चूक झाली. आता तुमी चालवा, बाई."

मी आयुष्यात घाटात गाडी चालवली नव्हती. अण्णा शेजारी बसून प्रत्येक वळणाआधी शांतपणे सांगत होते, "आता हळू. आता सोडा. बरोबर." त्यानंतर माई अण्णांशी दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि अण्णांनी पुन्हा कधी स्टेअरिंगला हात लावला नाही.

आठवड्याभरात गाडी विकायला निघाली. गिऱ्हाइकं येत, अण्णा खोडी सांगत आणि शेवटी म्हणत, "अन् मालकाचे डोळे गेले, म्हणून इकतोय." माई दारात खुर्ची टाकून सगळं ऐकत बसत. दोन रविवार रिकामे गेले. कुणाला सोडायला सांगावं, असं त्या दोघांच्या स्वभावात नव्हतं. अण्णांनी जन्मभर लोकांना पोचवलं होतं, पण स्वतःला पोचवून घ्यायची त्यांना लाज वाटायची.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी फाटकात जाऊन म्हटलं, "अण्णा, गाडी आम्ही घेतोय." यजमानांना हे आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. त्यांची रविवारची झोप मोडणार होती, पण त्यांनी मान डोलावली.

अण्णांनी मला खुर्चीवर बसवलं आणि दुसऱ्या गिअरपासून सुरुवात केली. मी म्हटलं, "अहो, पाठ आहेत मला."

"पाठ असू द्या. घेणाऱ्यानं ऐकायचं असतं." सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "पण एक अडचण आहे. मला लांबच्या रस्त्याचा सराव नाही. दर रविवारी शेजारी बसून कुणीतरी मला घोटीपर्यंत नेऊन आणलं पाहिजे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बाजूचं दिसत नसलं तरी समोरचं त्यांना अजून चांगलं दिसत होतं. ते फडकं घेऊन आधीच पुसलेली काच पुसायला लागले. आतून माईंचा आवाज आला, "अवो, मी पीठ मळायला घेऊ का?"

पुढे तीन वर्षं मी 'सराव' केला. अण्णा शेवटी शेवटी जवळजवळ काहीच पाहू शकत नव्हते, पण वाटेतलं वाडीवऱ्हे आलं की त्यांना कळायचं, आणि टायरमध्ये हवा कमी असली तर माझ्याआधी कळायचं. घरात शिरताना भाचा, ताराचा लेक, त्यांचा हात धरायचा. दारातली ती हाक मात्र तीच होती, आणि ताराचं हसूही.

अण्णा गेले ते हृदयविकाराने, अंगणात झाडाला पाणी घालताना. धावपळ करायलाही वेळ मिळाला नाही. मला ते वडिलांसारखे होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच स्वतःच्या चार खोडी सांगितल्या असत्या. तेराव्याला भाचा आला होता. माईंना बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, आईला अजून सांगितलं नाय. मागच्या महिन्यात दुसरा झटका येऊन गेला तिला. आता हे ऐकलं तं ती घासबी घेणार नाय. तूच ठरव."

पुढच्या रविवारी मी माईंना विचारणार नव्हते. आठला बाहेर आले तर त्या डबा घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या. "माई, आज राहू द्या," मी म्हटलं. "ती दाराकडं बघत असंल," त्या म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

भाच्याच्या घरासमोर मी गाडी थांबवली. माईंनी उतरायची घाई केली नाही. समोरची सावलीची पट्टी खाली ओढली, तिच्यामागच्या आरशात पाहिलं. कमरेच्या पिशवीतून छोटा करंडा काढला आणि बोटाने रिकाम्या कपाळावर कुंकू लावलं, नेहमीएवढंच मोठं. मग उघड्या गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चला."

तारा दाराकडेच बघत होती. माईंच्या कपाळाकडे तिचं लक्ष गेलं, मग त्यांच्या मागे. "दा...जी?"

"गाडीपाशी हायेत," माई म्हणाल्या. "उन्हाचा तरास होतो त्यांच्या डोळ्यांना. म्हणाले, तारीला सांग, अजून निजलीच हाय का, दाजी आले की पाणी द्यायचं असतं." तारा अर्ध्या तोंडाने हसली. माईंनी तिचे केस विंचरले, भाकरी कुस्करली, सगळं भरवलं. मी खिडकीशी उभी राहून बाहेरच्या रिकाम्या गाडीकडे बघत होते, कारण आत बघणं मला शक्य नव्हतं.

परतताना वाडीवऱ्ह्याच्या पुढे माई पहिल्यांदा रडल्या. मी गाडी कडेला घेतली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दोन वर्सं हेच केलं वो त्यांनी माझ्यासाठी. अन् मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी."

कुंकू त्यांनी नाशिक येईपर्यंत पुसलं नाही.