दोन्ही गटांना सारखंच ओरडणाऱ्या बाई

सदर व्यक्ती हृदयरोगशास्त्राच्या प्राध्यापक असून हृदयाच्या औषधांवरील दीर्घकालीन चाचण्यांच्या प्रमुख संशोधक आहेत. स्वभाव शिस्तप्रिय. रुग्ण त्यांना पाठीमागे ‘सासूबाई’ म्हणतात, ही माहिती अधिकृत नाही.

बाईंनी उमेदीची वर्षं एका गोळीला दिली. थकलेलं हृदय त्या गोळीने पुन्हा उभारी धरतं, असं त्यांचं मत होतं. नुसत्या मताला वैद्यकात कुणी हिंग लावून विचारत नाही, म्हणून चाचणी आली. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच साखरेची. कुणाला कुठली, हे ना रुग्णाला ठाऊक, ना बाईंना. ठाऊक फक्त आकडेतज्ज्ञाला, आणि तो माणूस बायकोलाही वाढदिवसाची भेट आधी सांगत नसे.

रुग्णांना फोन करून गोळी घेतली का, एवढंच विचारायचं काम खरं तर नर्सचं. पण दुसऱ्यावर काम सोपवून स्वस्थ बसणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्या स्वतः फोन लावत आणि गोळीवरून मिठावर, मिठावरून जिन्यावर घसरत. एका शिंप्याची सिगारेट त्यांनी सोडवली आणि त्याच्या बायकोला पाळतीवर बसवलं. निवृत्त हेडमास्तरांना बागेत फेऱ्या मारायला लावलं. पोटच्या पोरांनीही इतकी चौकशी केली नाही, असं हेडमास्तर कौतुकाने सांगत. मग जरा दम खाऊन म्हणत, पोरंच बरी.

“अगं, तू गोळी तपासतेयस की माणसं सुधारतेयस?” नवऱ्याने एकदा विचारलं.

“दोन्ही गटांना सारखंच ओरडते. पक्षपात नाही,” बाई म्हणाल्या. नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं.

निकालाच्या दिवशी आकडेतज्ज्ञाने पडद्यावर दोन्ही गटांच्या प्रकृतीच्या दोन रेघा दाखवल्या. दोन्ही चढत गेलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या एकमेकींना चिकटून. बाईंचा चेहरा खुलला.

“म्हणजे गोळी लागू पडली.”

“पडली असेलही. पण साखरही तेवढीच लागू पडली. तुम्ही एकालाही धड आजारी राहू दिलं नाहीत, मॅडम.”

गोळीत दम आहे की नाही, हे कळायची वाट बाईंनी स्वतःच्याच तोंडाने बुजवली होती. अहवालात त्यांनी तसं सरळ लिहिलं, आडपडदा न ठेवता. चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीला ते आवडलं, आणि गोळीला आणखी एक संधी मिळाली.

नव्या चाचणीच्याही प्रमुख संशोधक त्याच आहेत. त्यांना रुग्णांशी बोलायची परवानगी नाही.